मुसाफा: हात कधी द्यायचा, कसा द्यायचा आणि कधी छातीवर ठेवायचा

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. रमजान ईदला ते सहकाऱ्याच्या घरी शिरखुर्म्याला गेले होते. त्यांनी एक हात पुढे केला, सहकाऱ्याने तो दोन्ही हातांत धरला. सहकाऱ्याच्या अम्मींनी डोक्यावरून हात फिरवून दुआ दिली. एवढ्यात सहकाऱ्याची बायको बाहेर आली. ऑफिसातल्या सवयीने यांनी तिच्यापुढेही हात केला. तिने आपला हात छातीवर ठेवला, हसली आणि म्हणाली, ‘या भाऊ, बसा.’ यांचा हात तसाच राहिला. तेव्हापासून त्यांना चुटपुट लागली आहे. आपलं चुकलं का? हात एक द्यायचा की दोन? सासू डोक्यावरून हात फिरवते आणि सून साधा हात मिळवत नाही, हे कसं? जे मुसलमान नाहीत त्यांनी यातलं काय पाळायचं? आणि सहकाऱ्याची माफी मागावी का?

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. आधी मक्तबात मुलांना शिकवलं, मग इमामत केली, म्हणजे मशिदीत नमाज पढवली. हे प्रश्न मला हिंदू शेजाऱ्यांपेक्षा मुसलमानांनीच जास्त विचारले आहेत, म्हणून उत्तर दोघांसाठी मिळून लिहितो. थोडं लांबेल. माझं मत आधीच सांगून ठेवतो: हात मिळवण्यावरून आमची मंडळी ज्या गोष्टींसाठी भांडतात त्या किरकोळ आहेत, आणि खरे अदब (शिष्टाचार) आहेत त्यांच्याकडे फारसं कोणी बघत नाही.

हात मिळवण्याला आम्ही मुसाफा म्हणतो. त्याच्या आधी सलाम येतो, हा पहिला अदब. मक्तबातली पोरं धावत येतात आणि काही न बोलता हात पुढे करतात. त्यांना मी हात मागे घ्यायला लावून आधी सलाम म्हणवून घेतो. सलामाचं उत्तर देण्याबद्दल कुरआनात थेट हुकूम आहे (4:86): कोणी अभिवादन केलं तर त्याहून चांगलं करा, निदान तेवढं तरी परत करा. सलाम आधी कोणी करायचा हेही ठरलेलं आहे. लहानाने मोठ्याला, चालणाऱ्याने बसलेल्याला, वाहनावरच्याने पायी चालणाऱ्याला, थोड्यांनी जास्तांना. म्हणजे मोटारसायकलवरून जाणाऱ्या जावयाने ओट्यावर बसलेल्या सासऱ्यांना आधी सलाम करायचा, सासऱ्यांनी वाट बघायची नाही आणि रागही धरायचा नाही. मुसाफा या सलामाला पुरा करतो. सलाम न करता नुसता हात दिला तर गुन्हा होत नाही, पण मुसाफ्याचा जो सवाब (पुण्य) सांगितला आहे तो सलामाच्या जोडीने आहे.

हा रिवाज मदिनेतला. प्रेषितांचे (स.) सेवक हजरत अनस यांना कतादा यांनी विचारलं होतं, ‘प्रेषितांच्या साथीदारांत मुसाफा होता का?’ अनस म्हणाले, ‘होता.’ हे बुखारी या हदीससंग्रहात आहे; हदीस म्हणजे प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याची नोंद. यमनची मंडळी मदिनेत आली तेव्हा मुसाफा घेऊन आलेले हे पहिले लोक, असंही अनस यांच्याकडूनच दुसरे हदीससंग्राहक अबू दाऊद यांनी नोंदवलं आहे. सगळ्यात जास्त सांगितली जाते ती हदीस बरा बिन आजिब यांची: दोन मुसलमान भेटतात, मुसाफा करतात, तर वेगळे होण्याआधीच त्यांना माफी मिळते. म्हणूनच आमच्याकडे हात मिळवताना ‘यगफिरुल्लाहु लना व लकुम’ म्हणतात, म्हणजे अल्लाह आम्हाला आणि तुम्हाला माफ करो. घाईत हल्ली ते ओठातल्या ओठात राहतं.

मुसाफ्याचा एक प्रसंग मी दर वर्षी मुलांना सांगतो. हिजरी 9 मध्ये तबूकच्या मोहिमेला कआब बिन मालिक गेले नाहीत. आज निघू, उद्या निघू करता करता राहिले. परतल्यावर प्रेषितांनी त्यांच्याशी आणि आणखी दोघांशी बोलणं बंद करायला लावलं. पन्नास रात्री मदिनेत कोणी त्यांच्या सलामाला उत्तर देत नव्हतं. मग त्यांची तौबा (पश्चात्ताप) कबूल झाल्याची आयत, म्हणजे कुरआनातलं वचन, उतरली. कआब मशिदीत शिरले तसे तलहा बिन उबैदुल्लाह उठले, धावत आले, त्यांनी कआब यांच्याशी मुसाफा केला आणि मुबारकबाद दिली. कआब म्हणतात, मुहाजिरांपैकी (मक्केहून मदिनेत आलेल्यांपैकी) त्यांच्याशिवाय कोणी उठलं नाही, आणि तलहांचं हे मी कधीच विसरलो नाही. पन्नास दिवस कोणी हात दिला नव्हता, तेव्हा एक माणूस जागेवरून उठून आला. मुसाफ्याचं वजन किती ते मुलांना यातून जेवढं कळतं तेवढं नियमांच्या यादीतून कळत नाही.

आता हात कसा द्यायचा. तळव्याला तळवा लागला पाहिजे. बोटांची टोकं टेकवून काढून घेणं हा मुसाफा झाला नाही. हातात हातमोजा किंवा रुमाल नको. तोंड समोरच्याकडे हवं. अनस सांगतात की कोणी प्रेषितांचा हात हातात घेतला, तर तो माणूस स्वतः सोडीपर्यंत ते आपला हात काढून घेत नसत, आणि तो तोंड फिरवीपर्यंत आपलं तोंड फिरवत नसत. तिर्मिजी या हदीससंग्रहात आलेल्या या रिवायतीची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, मुहद्दिसांनी (हदीसच्या अभ्यासकांनी) फार मजबूत मानलेली नाही, पण वागणूक म्हणून सगळ्यांनी ती शिकवली आहे. आता जुम्याच्या नमाजनंतर दारात उभे राहून बघा. एका हातात मोबाइल, दुसरा हात तुमच्या हातात, आणि नजर तुमच्या मागे उभ्या असलेल्या नगरसेवकाकडे. तुमचा हात सुटायच्या आधी तो पुढच्याकडे सरकलेला असतो. एक हात की दोन यावर तास तास वाद घालणारे लोक यावर अवाक्षर काढत नाहीत.

जोर किती लावायचा हे कुठे लिहिलेलं नाही. तरुण पोरं ताकद दाखवायला म्हाताऱ्यांची बोटं चुरगाळतात. संधिवाताच्या माणसाला रात्रभर ठणका लागतो. हात झटकणंही तसंच. अंगठा दाबायचा एक प्रकार मात्र आपल्याकडे आहे. कोणी म्हणतं, हजरत खिज्र यांच्या अंगठ्यात हाड नाही, ते माणसाच्या रूपात फिरतात, म्हणून मुसाफ्यात समोरच्याचा अंगठा चाचपून बघायचा. याला काही आधार नाही. दमास्कसचे फकीह (धर्मकायद्याचे पंडित) इब्ने आबिदीन हनफी, म्हणजे सुन्नींच्या चार मजहबांपैकी (धर्मकायद्याच्या परंपरांपैकी) एका मजहबाचे. त्यांनी अंगठा धरावा असं नमूद केलं आहे, पण कारण वेगळं दिलं आहे: त्यात प्रेम उपजवणारी एक नस असते म्हणे. दोन्ही गोष्टी ऐकून हसायला हरकत नाही, फक्त खिज्र शोधण्यासाठी कोणाचा अंगठा मुरगळू नका.

एक हात की दोन. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत इब्ने मसऊद यांची हदीस आहे: प्रेषितांनी मला तशह्हुद (नमाजमध्ये बसून म्हणायचा पाठ) शिकवला तेव्हा माझा तळवा त्यांच्या दोन तळव्यांत होता. हम्माद बिन जैद यांनी इब्ने मुबारक यांच्याशी दोन्ही हातांनी मुसाफा केला, हेही बुखारी नोंदवतात. हनफी मंडळी, म्हणजे आपल्याकडचे देवबंदी आणि बरेलवी हे दोन्ही गट, यावरून दोन हातांचा मुसाफा घेतात. थेट हदीस धरून चालणारी अहले हदीस मंडळी म्हणतात, तो प्रसंग शिकवण्याचा होता, भेटीचा नव्हता. मुसाफ्याच्या हदीसांत हात हा शब्द एकवचनी येतो, म्हणून उजवा हात पुरे. दोघांकडे दलील आहे. मी काय करतो? समोरच्याने दोन दिले तर दोन देतो, एक दिला तर एक देतो. एका मशिदीत मी एका गृहस्थांना दुसऱ्याचा डावा हात बाजूला सारताना पाहिलं आहे, ‘सुन्नत (प्रेषितांची रीत) एक हाताची आहे’ असं म्हणत. सुन्नत शिकवायची ती जागा नव्हती आणि पद्धत तर मुळीच नव्हती. डावा हात एकटा मात्र देऊ नये. उजवा हात अधू असेल, पट्टी असेल, तर डावा दिलेला चालतो, आणि त्याबद्दल समोरच्याला माफी मागायला लावू नये.

वाकायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. तिर्मिजीत आहे: एकाने विचारलं, आपला भाऊ भेटला तर त्याच्यापुढे वाकावं का? प्रेषित म्हणाले, नाही. मिठी मारून मुका घ्यावा का? नाही. हात धरून मुसाफा करावा का? हो. मोठ्या माणसांशी हात मिळवताना आपली कंबर आपोआप वाकते, ती सवय इथल्या मातीतली आहे आणि तिच्यामागे अदबच असतो, तरीही उलमा (धर्मपंडित) मना करतात, कारण नमाजमधल्या रुकूसारखं वाकणं अल्लाहसाठी राखलेलं आहे. ताठ उभं राहून मान किंचित लववली तर कोणी काफिर ठरत नाही. त्यावरून कोणाला चारचौघांत टोकू नका. हाताचं चुंबन हा वेगळा मुद्दा. आई-वडील, उस्ताद, बुजुर्ग यांचे हात चुमायला बऱ्याच उलमांनी परवानगी दिली आहे, इमाम मालिक यांना ते पसंत नव्हतं. मला स्वतःला पीरसाहेबांच्या हाताच्या रांगा आवडत नाहीत. त्यात एक गोष्ट हमखास दिसते: तळव्यात चौघडी केलेली पाचशेची नोट असते, मुसाफा होतो, नोट इकडून तिकडे जाते, चेहऱ्यावर रेघ हलत नाही. नजराणा द्यायचा असेल तर पाकिटात द्या. मुसाफ्याला त्याचं वाहन करू नका.

गळाभेट म्हणजे मुआनका, हा प्रवासातून आलेल्या माणसासाठी. अनस सांगतात, साथीदार भेटले तर मुसाफा करत आणि सफरीवरून आले तर गळ्यात पडत. हबशाहून (आजच्या इथिओपियाकडून) प्रेषितांचे चुलत भाऊ हजरत जाफर परतले तेव्हा प्रेषितांनी त्यांना मिठी मारली. यावर एक जुना संवाद आहे. इमाम मालिक म्हणाले, ते जाफर यांच्यापुरतं होतं. सुफियान बिन उयैना म्हणाले, जे जाफर यांना लागू ते आपल्यालाही लागू, आपण नेक असलो तर. ईदच्या नमाजनंतर तीनदा गळाभेट घेण्याचा आपल्याकडचा प्रकार हा रिवाज आहे. तो शरीयतचा भाग समजू नये आणि गुनाहही समजू नये. आधी कोणता खांदा याचाही नियम नाही. ईदगाहावर कपाळं आपटतात ती त्यामुळेच.

नमाजनंतरचा मुसाफा हे मात्र मोठं भांडण. पहाटेच्या फजर आणि दुपारनंतरच्या असरच्या नमाजनंतर शेजाऱ्याशी हात मिळवण्याची सवय फार जुनी आहे. 1262 मध्ये वारलेले इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांनी तिला जायज नव्या गोष्टींत धरलं. 1277 मध्ये वारलेले इमाम नववी म्हणाले, या वेळा ठरवून घ्यायला मूळ आधार नाही, पण मुसाफा स्वतः सुन्नत असल्यामुळे हरकत नाही. नववी शाफई, म्हणजे आम्हा कोकणी मंडळींच्या मस्लकचे (मजहबाचे), म्हणून आमच्याकडे यावर फारसा दंगा होत नाही. इब्ने तैमिया यांनी तिला बिदअत (धर्मात मागाहून घुसवलेली गोष्ट) म्हटलं, इब्ने आबिदीन यांचा कलही नापसंतीकडेच. देवबंदी मशिदींत हे टाळतात, बरेलवी मशिदींत आवर्जून करतात. गाव एकच, मशिदी दोन, आणि तिसऱ्या गल्लीतला नवा भाडेकरू गोंधळतो. मला यात मक्केतले मुल्ला अली कारी यांचं म्हणणं पटतं. ते स्वतः हनफी, त्यांना हा प्रकार मकरूह (नापसंत) वाटायचा, तरी त्यांनी लिहिलं की एखाद्या मुसलमानाने यासाठी हात पुढे केलाच, तर तो झिडकारू नये, कारण त्यात त्याला दुखवणं आहे. अदबाची बाजू मसल्याहून (नियमाच्या मुद्द्याहून) भारी पडते ती अशी. नमाज झाल्याबरोबर तस्बीह पढत असलेल्या माणसाच्या नाकासमोर हात नेऊ नये, इतकं मात्र दोन्ही बाजूंनी पाळावं.

हात कुठे द्यायचाच नाही, हेही सांगतो. जुम्याचा खुत्बा (प्रवचन) चालू असताना नाही. त्या वेळी शेजाऱ्याला ‘गप बस’ म्हणणंसुद्धा फालतू बोलणं ठरतं, मग सलाम-मुसाफा दूरच. कोणी जेवत असेल, कुरआन पढत असेल, वजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) करत असेल, तर थांबावं. आजारी माणसाने स्वतःहून हात आवरावा. बैअतीला, म्हणजे निष्ठेची शपथ घ्यायला, आलेल्या सकीफ कबिल्याच्या शिष्टमंडळात एक कुष्ठरोगी होता. प्रेषितांनी त्याला निरोप पाठवला, ‘तुझी बैअत आम्ही घेतली, तू परत जा.’ म्हणजे हात न घेताही बैअत पक्की झाली. 2020 च्या मे महिन्यात लॉकडाऊनमध्ये ईद आली तेव्हा मी लोकांना हीच हदीस सांगत होतो; काही जुन्या मंडळींना बिनमुसाफ्याची ईद म्हणजे ईदच वाटत नव्हती.

एक गैरसमज मात्र काढून टाकायचा आहे. अंघोळ फर्ज (धर्माने बंधनकारक) असलेल्या अवस्थेत हात मिळवला तर समोरचा नापाक होतो, असं काही घरांत मानतात. प्रेषितांचे साथीदार हजरत अबू हुरैरा यांना असंच वाटलं होतं. मदिनेच्या रस्त्यात प्रेषित भेटले, त्यांनी हात धरला, हे बरोबर चालले आणि संधी मिळताच सटकून अंघोळ करून आले. प्रेषितांनी विचारलं, कुठे होतास? यांनी कारण सांगितलं. प्रेषित म्हणाले, ‘सुब्हानल्लाह, मोमिन नापाक होत नाही.’ पाळी आलेल्या बहिणीने किंवा मुलीने हात मिळवला तर वजू जातो, असं सांगणाऱ्यांनी ही हदीस वाचावी.

आता बायकांचा प्रश्न, म्हणजे प्रश्नकर्त्यांची खरी चुटपुट.

कुरआनात मोमिन बायकांकडून बैअत घेण्याचा उल्लेख आहे (60:12). प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा सांगतात, प्रेषितांच्या हाताला बैअतीत कधीही परक्या बाईचा हात लागला नाही. ते तोंडी बैअत घेत. उमैमा बिन्त रुकैका बायकांबरोबर बैअतीला गेल्या तेव्हा प्रेषित म्हणाले, ‘मी बायकांशी मुसाफा करत नाही.’ इथे लक्षात घ्या, बैअत नाकारली नाही. शपथ घेतली, बाई बरोबरीने उभी राहिली, फक्त स्पर्श नव्हता. सूफी सिलसिल्यांत बायकांची बैअत दुपट्ट्याचं किंवा कपड्याचं टोक धरून होते ती याच धोरणाने.

स्पर्शाचा हा नियम महरम आणि ना-महरम यावर चालतो. ज्यांच्याशी कधीच लग्न होऊ शकत नाही ते महरम: आई, बहीण, मुलगी, आत्या, मावशी, भाची, पुतणी, सासू, सून, दूध पाजलेली आई. यांच्याशी हात मिळवायला काही अडचण नाही. चुलत, मामे, मावस, आते बहीण मात्र ना-महरम, कारण तिच्याशी लग्न होऊ शकतं. भावजय आणि मेहुणीही ना-महरम. हिंदू मित्रांना चुलत बहिणीचं ऐकून नवल वाटतं. पण मामाच्या मुलीशी लग्न लागणाऱ्या महाराष्ट्राला हा हिशेब समजायला जड जाऊ नये.

ना-महरम तरुण बाईशी हात मिळवणं चारही सुन्नी मजहबांनी मना केलं आहे. म्हातारीच्या बाबतीत फरक पडतो. हिदाया या हनफी ग्रंथात, ज्याचे कर्ते मरगीनानी 1197 मध्ये वारले, स्पष्ट आहे की जिथे वासनेचा प्रश्न राहिलेला नाही अशा वृद्धेशी मुसाफा करायला हरकत नाही, आणि त्यासाठी पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांचा दाखला दिला आहे. शाफई इथेही सक्त आहेत. तेव्हा सासूने डोक्यावरून हात फिरवला आणि सुनेने हात छातीवर ठेवला, यात विसंगती मुळीच नाही. दोघी एकाच नियमाची दोन टोकं पाळत होत्या, कदाचित ग्रंथ न वाचता, घरात बघून बघून. अम्मींच्या लेखी तुम्ही मुलाच्या वयाचे. तिच्या लेखी तुम्ही परका पुरुष, आणि ‘भाऊ’ म्हणून तिने तुम्हाला मानाने बसवलं.

आजच्या काळातले काही उलमा थोडी ढील देतात. युसूफ करजावी यांनी म्हटलं होतं की फितन्याची (मोहात पडण्याची) भीती नसेल आणि नातलगांत किंवा तशा प्रसंगी गरजच पडली, तर हात मिळवला म्हणून हराम म्हणता येणार नाही, पण आपणहून हात पुढे करू नये. त्यामुळे कचेरीत काम करणाऱ्या कितीतरी मुसलमान बायका आणि पुरुष सरळ हात मिळवतात. ते कमी मुसलमान आहेत असं मी म्हणणार नाही, आणि जे मिळवत नाहीत ते मागासलेले आहेत असंही तुम्ही म्हणू नका. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट यांच्या स्पर्शाचा प्रश्नच वेगळा. इलाजाची गरज असते.

कोकणात यात आणखी एक पदर आहे, जो पुण्या-नागपूरच्या हनफी लोकांना माहीत नसतो. शाफई मस्लकात ना-महरम बाई-पुरुषाची कातडी एकमेकांना लागली की वजू तुटतो. आणि हे परक्यापुरतं नाही. स्वतःच्या बायकोच्या हाताला हात लागला तरी तुटतो. हनफींमध्ये नुसत्या स्पर्शाने तुटत नाही. आमच्याकडचा माणूस वजू करून नमाजला निघाला असेल आणि दारात बायकोच्या हातून टोपी घेत असेल, तर टोपीचं दुसरं टोक धरतो. मक्केला तवाफमध्ये (काबेच्या फेऱ्यांत) गर्दीत हे पाळणं अशक्य होतं, म्हणून तिथे कोकणी हाजींना दुसऱ्या मस्लकाच्या मतावर चालायला सांगतात. तेव्हा संध्याकाळी मगरिबच्या तोंडावर एखाद्या कोकणी घरातल्या बाईने हात मिळवला नाही, तर कारण इतकं साधंही असू शकतं.

हात न मिळवणाऱ्या मुसलमान पुरुषांना मात्र मला चार शब्द सुनवायचे आहेत. समोरून बाई, मग ती बॉस असो की बँकेची मॅनेजर, हात पुढे करते आणि तुम्ही खाली बघता, तोंड वाकडं करता, हात खिशात घालता. हा दीन कोणी शिकवला? उठून उभे राहा, तिच्याकडे अदबीने बघा, हात छातीवर ठेवा, हसा, नाव घेऊन अभिवादन करा. शक्य असेल तर आधीच सांगा, मुलाखतीच्या खोलीत शिरतानाच. ‘मॅडम, मी हात मिळवत नाही, पण भेटून आनंद झाला’ एवढं म्हणायला दोन सेकंद लागतात. छातीवर हात ठेवणं हे कुठल्या हदीसचं फर्मान नाही, चांगला रिवाज आहे, आणि नकारातली कडू बाजू तो काढून टाकतो. आणखी एक: बाईशी मिळवायचा नसेल तर तिच्याच शेजारी उभ्या असलेल्या पुरुषाशी दणक्यात मुसाफा करून तिला एकटी पाडू नका. सगळ्यांनाच छातीवर हात ठेवून अभिवादन केलंत तर काय बिघडतं?

युरोपात स्थायिक झालेल्या मराठी लोकांनी तिथली स्थिती ध्यानात ठेवावी. 2016 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळच्या थेरविल गावात दोन भावांनी शिक्षिकेशी हात मिळवायला नकार दिला. तिथल्या कँटनने (प्रांताने) हात मिळवणं बंधनकारक ठरवलं आणि पालकांना 5000 फ्रँकपर्यंत दंड होऊ शकतो असं सांगितलं. डेन्मार्कमध्ये 2019 पासून नागरिकत्वाच्या समारंभात हात मिळवण्याची अट घातली गेली. उलट स्वीडनच्या कामगार न्यायालयाने 2018 मध्ये दुभाषी पदाच्या मुलाखतीत हात छातीवर ठेवणाऱ्या मुस्लिम तरुणीच्या बाजूने निकाल दिला आणि कंपनीला 40,000 क्रोनर भरपाई द्यायला लावली. म्हणजे प्रश्नकर्त्यांच्या सहकाऱ्याच्या पत्नीने जे केलं, नेमकं तेच. तिकडे कोर्टापर्यंत गेलं, इकडे शिरखुर्मा वाढला गेला.

गैरमुस्लिमांशी मुसाफा चालतो का, हे विचारणारे मुसलमानही असतात. पुरुषाने पुरुषाशी, बाईने बाईशी हात मिळवायला हरकत नाही. जे तुमच्याशी लढले नाहीत त्यांच्याशी भलेपणाने आणि न्यायाने वागायला अल्लाह मना करत नाही, असं कुरआनच सांगतं (60:8). हनफी फतव्यांच्या ग्रंथांत एक बारीक मसला आहे जो मला फार आवडतो: मुसलमानाचा ख्रिस्ती शेजारी बाहेरगावाहून परतला आणि हात न मिळवल्याने त्याला वाईट वाटणार असेल, तर मिळवायला हरकत नाही. म्हणजे शेजाऱ्याच्या मनाला काय वाटेल हाही फकीहांनी मसल्यात धरलेला मुद्दा होता.

दोन माणसांतलं वाकडं काढायला मुसाफ्यासारखं साधन नाही. इमाम मालिक यांच्या मुवत्ता ग्रंथात आहे: मुसाफा करा, मनातला आकस जाईल. तीन रात्रींपेक्षा जास्त अबोला धरू नये, आणि दोघांत जो आधी सलाम करतो तो चांगला, हे बुखारी-मुस्लिम दोघांत आहे. आमच्या गावात आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून दोन सख्खे भाऊ बोलत नव्हते. ईदच्या नमाजनंतर जमातच्या बुजुर्गांनी धाकट्याचा हात धरला, थोरल्याच्या हातात दिला आणि वरून आपले दोन्ही हात ठेवून उभे राहिले. दोघांनीही मान वर केली नाही, पण हात काढूनही घेतला नाही. कलमांची वाटणी त्यानंतरही तलाठ्याकडेच झाली. बोलणं मात्र सुरू झालं.

आता प्रश्नकर्त्या गृहस्थांसाठी. पुढच्या वेळी पुरुषांशी हात मिळवा, दोन्ही हात आले तर दुसरा हात वर ठेवा. बाईसमोर गेल्यावर थांबा. तिने हात पुढे केला तर मिळवा, नाही केला तर लांबून नमस्कार करा. नमस्कार करायला तुम्हाला इस्लामचा परवाना लागत नाही, आणि कोणत्याही मुसलमान घरात तो आदरानेच घेतला जातो. कोणी ‘अस्सलामु अलैकुम’ म्हटलं तर ‘वालेकुम सलाम’ म्हणा, जीभ अडखळली तर ‘नमस्कार’ म्हणा. तुमची लहान मुलगी बरोबर असेल तर तिला हे काही शिकवत बसू नका, पोरांना हा नियम लागत नाही.

माफी मागू नका. सहकाऱ्याकडे हा विषय काढलात तर तो घरी सांगेल, आणि त्याच्या बायकोला वाटेल की आपण पाहुण्याला दुखवलं. तिला तुमचं काही लागलेलं नाही.